उवाइला मॅडम आणि आवाज न करणारी गाडी

नायजेरियातल्या बेनिन सिटीच्या उवेलू बाजारात जुनी इंजिनं विकणाऱ्या बायका मोजून तीन, आणि त्यांत उवाइला सगळ्यांत संशयी. नवरा गेला तेव्हा मुलगी इसोकेन सहा वर्षांची होती. दिरांनी दुकान विकायला काढलं, तशी ही किल्ली कमरेला खोचून दारात स्टूल टाकून बसली, ती बावीस वर्षं उठली नाही. पहिल्याच वर्षी तिला कुणीतरी एक गिअरबॉक्स विकला. फिरवला की लोण्यासारखा चाले. आठ दिवसांनी गिऱ्हाईक शिव्या देत परत आलं. आत लाकडाचा भुसा भरला होता, खडखड दाबायला. तेव्हापासून गुळगुळीत चालणारी कुठलीही वस्तू दिसली की उवाइला आधी ती उघडून आत बघे.

आणि इसोकेनला नेमकी आवाजच न करणारी गाडी हवी होती.

"मम्मी, गाडी बघून ठेवलीय. हायब्रिड आहे," भाजलेलं केळं खाता खाता ती म्हणाली. "पेट्रोलचं इंजिन, शिवाय बॅटरीवरची मोटर. गर्दीत थांबलं की इंजिन आपोआप बंद पडतं."

"बंद पडणाऱ्या गाड्या माझ्याकडे रोज येतात. त्यांना कुणी जादा पैसे देत नाही. किती जास्त मागतोय?"

"साध्या गाडीपेक्षा नऊ लाख नायरा."

उवाइलाने हातातला फडका खाली ठेवला. इसोकेन बाळंतपणं करणारी नर्स. शहराच्या दोन टोकांना दोन दवाखाने, दिवसभर या टोकाहून त्या टोकाला. सात वर्षं एक एक नोट बाजूला टाकून तिने गाडीचे पैसे जमवले होते. ते बुडाले तर पुन्हा सात वर्षं.

"रोज पेट्रोल वाचणार किती?"

"दोन लिटर तरी."

"सरकारी भाव एकशे पंचेचाळीस. म्हणजे दिवसाला तीनशेसुद्धा नाहीत. नऊ लाख फिटायला आठ-नऊ वर्षं लागतील. तोवर बॅटरी जगेल का? माल्टच्या थंड पेयाची एक बाटली घेतो तेवढ्यात लिटरभर पेट्रोल येतं, आणि तू ते वाचवायला निघालीस!"

"स्वस्त आहे म्हणूनच मिळत नाही ना! डिसेंबरात अकरा तास रांगेत उभी होते मी. तिकडे बाईला कळा सुटलेल्या, आणि सुईण पंपावर. शेवटी कॅनवाल्याकडून तिप्पट भावाने घेतलं."

"त्यात रॉकेल होतं."

"बघ, तूच सांगतेस! टाकी दुप्पट दिवस पुरली तर रांग निम्मी होईल. ते तुझ्या हिशोबात कुठे धरलंस?"

ते धरलं नव्हतं. पण हरले म्हणणं उवाइलाच्या स्वभावात नव्हतं. "गाडी मी बघणार," एवढंच ती म्हणाली.

बेल्जियममधून आलेल्या जुन्या गाड्या विकणारा नोसाखारे तिला पाहूनच कसनुसा हसला. उवेलूची बाई गाडी बघायला आली की अर्धा दिवस जातो हे त्याला ठाऊक होतं. तिने तेलाचं झाकण उघडून वास घेतला, गालिचा उचलून गंज शोधला, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पुराच्या चिखलाचे डाग पाहिले.

"आता चालू कर," ती म्हणाली.

"चालूच आहे, मॅडम."

"थट्टा करू नकोस. मी तुझ्या आईच्या वयाची आहे."

"देवाशपथ चालू आहे! दिवा बघा."

दिवा होता, आवाज नव्हता. तिने बॉनेटवर हात ठेवला. काही थरथरत नव्हतं. "मेलेल्या माणसाची नाडी बघतेय असं वाटतंय," ती इसोकेनला म्हणाली. "गाडी चांगली होती तर त्या गोऱ्यांनी विकली कशाला, ते विचार याला."

"मम्मी, चांगले आहेत तर विकतेस कशाला, असं तू काल टोमॅटोवालीलाही विचारलंस."

गाडी घेतली. उवाइलाने मोडता घातला नाही, पण आपल्या परीने बंदोबस्त केला. नवी गाडी आली की सीट झाकून टाकायची, ही तिथली रीतच. वर्षानुवर्षं लोक प्लास्टिकवर घाम गाळत बसतात, पण कापडाला डाग लागू देत नाहीत. इसोकेनच्या गाडीत तर बाळंतिणी बसायच्या. उवाइलाने ओळखीच्या शिंप्याला बोलावून मागची सीट जाड रेक्झिनने कडेपर्यंत शिवून घेतली, वर प्लास्टिक ताणलं. सीटच्या बाजूला जाळीची एक फट होती. धूळ आत जाईल म्हणून तिने तीही झाकायला लावली.

मार्च लागला, ऊन तापलं. तिसऱ्या आठवड्यात सीटमागून पंख्याची घरघर येऊ लागली. मग गर्दीत थांबलं तरी इंजिन बंद पडेनासं झालं, साध्या गाडीइतकं पेट्रोल जाऊ लागलं, आणि एका दुपारी चढावर समोर धोक्याचा लाल त्रिकोण पेटून गाडी रेंगाळली. इसोकेनने दवाखान्यातून फोन केला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं.

उवाइलाला आश्चर्य वाटलं नाही. आतून थोडं समाधानही वाटलं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली. "मेलेली बॅटरी रंगवून विकलीन मेल्याने," ती म्हणाली. बाजारातला एक व्यापारी सुट्या भागांसाठी गाडी अर्ध्या किमतीत घ्यायला तयार होता, रोख, त्याच संध्याकाळी. इसोकेन म्हणाली, "कर तुला काय करायचं ते."

पण त्याआधी नोसाखारेची खरडपट्टी काढायची होती. इसोकेनने गाडी रखडत त्याच्या आवारात आणली, आणि तिथे उभी राहून उवाइलाने त्याचे आईबाप, त्याचं चर्च, त्याचा इस्त्रीचा शर्ट, काहीच सोडलं नाही. दहा-बारा लोक जमले.

"मॅडम, बघू तर द्या!" म्हणत त्याने इवीला हाक मारली. हायब्रिड दुरुस्त करणारी, छोटे केस, हातात कात्री. ती मागच्या सीटवर गुडघे टेकून वाकली, आणि कराकरा रेक्झिन फाडायला लागली.

"अगं ए! नवं आहे ते!"

इवीने जाळी उघडी करून मागे वळून पाहिलं. "बॅटरी याच्या मागे आहे. ती इथून श्वास घेते. या उन्हात नाकतोंड शिवून टाकलंय तिचं. कुणी केलं हे?"

इसोकेनने आईकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "इथूनच आलं असेल तसं. घेतली तेव्हापासूनच होतं."

"माझ्याकडून?" नोसाखारे ओरडला. "मी प्लास्टिकसुद्धा लावलं नव्हतं!"

जमलेले लोक उवाइलाच्या बाजूने मान हलवू लागले. तिचा शब्द उवेलूत कधी खोटा ठरलेला नव्हता. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पैसेही परत मिळाले असते कदाचित.

"मी शिवून घेतलं," उवाइला म्हणाली. "ती मला वाचवतेय. धूळ जाईल म्हणून मी झाकलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नोसाखारेने मात्र हसू दाबलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही. तिने इवीला विचारलं, "मेली का?"

"नाही. थकलीय. पंखा साफ करते, थंड झाली की बघू."

"किती वर्षं चालेल? खरं सांग."

"चार. पाचही. या हवेत छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, मॅडम."

गाडी आल्यापासून गुळगुळीत नसलेलं असं हे पहिलंच उत्तर. उवाइलाला बरं वाटलं. "म्हणजे नऊ लाख वसूल होत नाहीत."

"या भावाने पेट्रोल मिळत राहिलं तर नाही होत."

"मिळत राहिलं तर!" इसोकेन म्हणाली.

इवीचं काम संपायला तास लागला. लाल त्रिकोण गेला. तेवढ्यात बाजारातल्या व्यापाऱ्याचा फोन आला: पैसे काढून बसलोय, कधी येताय?

"येत नाही. गाडी विकायची नाही."

"का? बॅटरी मेलीय म्हणालात ना?"

"चुकलं माझं," उवाइला म्हणाली. ते वाक्य तिने इतकं घाईने उरकलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं, आणि तिने फोन बंद केला.

परत जाताना ती इसोकेनशेजारी न बसता मागे बसली, फाडलेल्या रेक्झिनच्या चिंध्यांवर. सिग्नलला इंजिन थांबलं. तिने जाळीवर तळहात धरला. हवा आत ओढली जात होती, अगदी हलकी. घर येईपर्यंत तिने हात काढला नाही.