राठोड सरांची पोरं लागतात कशी?

कोर्स संपला की पोरगी घरी जाते, पण आमच्या रजिस्टरातून जात नाही. तीन महिन्यांनी फोन, सहा महिन्यांनी फोन, वर्षानं पुन्हा फोन. विचारायचं एकच : कुठं लागली? उत्तरासाठी चार रकाने आहेत. कामावर, स्वतःचा धंदा, पुढचं शिक्षण, काहीच नाही. त्यात जे मावतं ते रजिस्टरात जातं. मावत नाही ते माझ्याकडे उरतं. अकरा वर्षांत इतकं उरलंय, की शेजारणी चहाला आल्या की आधी विचारतात, "काळे मॅडम, आज कोणाला फोन लावला?"

मी कळंबच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये शिवण शिकवते. पलीकडच्या खोलीत राठोड सर वायरिंग शिकवतात. दोघांच्या मध्ये ऑफिस, आणि ऑफिसात एक पांढरा बोर्ड. कोणाचे किती टक्के विद्यार्थी कामाला लागले, ते आमचे केंद्रप्रमुख गावंडे सर दर महिन्याला त्यावर लिहितात. राठोड सरांचा आकडा दारातूनच दिसतो. माझा जवळ जाऊन वाचावा लागतो!

आता घरातलीच माणसं तुम्ही, म्हणून सांगते. राठोड सरांचं नाव काढलं की माझा जळफळाट होतो. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं.

*

पहिल्याच वर्षीचा फोन. प्रतिभा नावाची मुलगी. बॅचमध्ये सगळ्यात सरळ शिलाई तिची. कोर्स संपता संपता तिचं लग्न झालं. फोन सासूनं उचलला.

"प्रतिभा काम करते का हो आता?"

"काम? बाप्पा! पहाटपासून करूनच राह्यली. सडा, सैपाक, मंग वावर. आता ढोरायसाठी कुटार भरून राह्यली. तुमाले कोनतं काम पायजे?"

"तसं नाही, म्हणजे घराबाहेरचं..."

"वावर का घरात असते का बाई?"

मी रजिस्टरात 'कामावर' लिहून टाकलं. गावंडे सरांनी दुपारी खोडलं. "मॅडम, पगार कुठाय हिचा?"

तेवढ्यात राठोड सर शीळ घालत आत आले. "सर, आपली चार पोरं लागली." आम्ही इथं एका पोरीसाठी भांडतोय आणि हे शीळ घालतात!

*

त्या चौघांनंतर पाचवा अंकुश. त्याच्या नावापुढं गावंडे सरांनी स्वतः लिहिलं : वणी, कोळसा खाण. मला ते वाचवेना. खाणीत असं सहज कोण घेतं? राठोड सर डबा खायला बसले, तसा मी रजिस्टरातून नंबर काढला आणि फोन लावला.

"अंकुश, सेंटरमधून काळे मॅडम बोलतेय. वणीला आहेस का?"

"हाव मॅडम, वणीलेच आहो."

"कोणत्या खाणीत?"

"खानीत नाई मॅडम. खानीच्या रस्त्यावर मामाची चहाची टपरी आहे, तिथं बसतो. सरले म्या 'खानीपाशी आहो' म्हनलं, त्यायनं 'खानीत' ऐकलं असंन."

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला! डबा तसाच उघडा टाकून गावंडे सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राठोडांनाही बोलवा. स्पीकरवरच विचारू."

राठोड सर हात पुसत आले. फोन लागला. गावंडे सरांनीच विचारलं,

"अंकुश, खरं सांग. खाणीत आहेस का टपरीवर?"

"सर, आत्तापर्यंत टपरीवर होतो. काळे मॅडमचा फोन आला, थेव्हा एक ठेकेदार चहा पिऊन राह्यले होते. त्यायनं इचारलं, कोनाचा फोन? काय शिकला तू? म्या सांगतलं, वायरिंग आन् मोटर. त्यांचा मानूस काम सोडून गेला म्हने. आता त्यायच्याच गाडीत बसून खानीवर चाललो!"

मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. खोटं बोलायला जागाच नव्हती. गावंडे सरांनी बोर्डाकडे पाहिलं. पुसायचं काहीच उरलं नव्हतं.

राठोड सर मला म्हणाले, "थँक यू हं मॅडम. तुमच्यामुळं लागला पोरगा."

मनापासून म्हणाले. टोमणा असता तर मी तरी काही बोलले असते!

*

मग वरून नवा नियम आला. नुसत्या फोनवर भागणार नाही, कामाच्या जागेचा फोटो हवा.

राठोड सरांचे फोटो दोन दिवसांत हजर. प्रत्येक पोरगा खांबावर चढलेला, डोक्यात पिवळं हेल्मेट. काय ऐट! मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. करायला नको होतं, पण केला. सातही हेल्मेटांवर डाव्या बाजूला एकाच जागी एकच तडा! सात पोरं, हेल्मेट एक!

मी फोटो ओळीनं टेबलावर मांडले. "सर, हे काय?"

राठोड सरांनी शांतपणे पाहिलं. "हेल्मेट एकच आहे मॅडम. दोस्त आहेत, मिळून घेतलं. जो चढते तो घालते. तुम्ही खांब पाहा ना. सात येगयेगळे आहेत."

खरंच वेगळे होते. एकाच्या वर तर बगळा बसला होता.

माझ्या मुलींपैकी फोटो आला एकीचाच. कविताचा. उघडला, तर मशीनवर तिचा नवरा! चष्मा लावून पिकोला बसलेला. मी लगेच फोन केला.

"अगं, फोटो तुझा हवा. तू कुठंय?"

"म्या फोटो काढून राह्यली ना मॅडम! पहिलं हे नुसते घरीच बसत. म्या शिकवलं तसे मशीनवरून उठतच नाई. आता गिऱ्हाईक त्यायलेच मागते. म्या काजं-बटनं करतो."

शिकवलं मी, शिकली ती, आणि लागला तो! गावंडे सर म्हणाले, "तो आपल्या बॅचला होता का?" नव्हता. मग तोही गेला.

*

जिल्ह्यावरून साहेब यायचे होते. प्रत्येक कोर्समधून एक यशस्वी विद्यार्थी उभा करायचा होता.

राठोड सरांचा मुलगा आला तो गॉगल डोक्यावर चढवून. नेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. साहेबांनी विचारायच्या आधीच त्यानं कमाई सांगितली, गाडीचं मॉडेलही सांगितलं. टाळ्या!

पण माझ्याकडे त्याहून भारी पत्ता होता. ज्योत्स्ना. नेरचीच. तिच्याकडे सणाच्या आधी महिनाभर ब्लाउज घ्यायचे बंद करावे लागतात, इतकी गर्दी. मी तिला दहा वेळा बजावलं होतं : लाजू नको, आहे ते सांग. आज एकदा तरी राठोड सरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच माझी इच्छा.

ज्योत्स्ना उभी राहिली. साहेब म्हणाले, "ताई, महिन्याला किती पडतात हातात?"

ती एकदा मागे बघते, एकदा माझ्याकडे बघते.

"काहीच नाई साहेब. असंच घरच्या घरी. शेजारच्या बायायचं फाटलं-उसवलं."

मला वाटलं, जमीन दुभंगावी! साहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या खुर्चीकडे वळले. राठोड सरांनी मात्र टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी. त्या टाळ्यांचा मला जास्त राग आला.

बाहेर नळापाशी मी तिला गाठलं. "काहून गं असं केलं? माझी लाज घालवली!"

ती माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, मांगं आमच्या बुढीबाई बसल्या होत्या ना! सासूले आकडा कळला असता तं उद्यापासून मशीन माझी राह्यली असती का? पोरीच्या शाळेसाठी थोडं थोडं बाजूले ठेवून राह्यली म्या."

मग रुमालाच्या गाठीतून काढून एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "पोरगी यवतमाळच्या शाळेत लागली. कोनाले सांगू नका."

रजिस्टरात मी माझ्या हातानं लिहिलं : काहीच नाही.

*

कधी कधी माझ्याच मुलींचा मला हेवा वाटतो. हेही सांगून टाकते.

रेश्मा नावाची मुलगी. वर्गात सुईत दोरा ओवायला तिला माझी मदत लागायची. आज नागपूरला कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. वर्षाचा फोन लावला तर पलीकडं मशीनींचा घों-घों आवाज.

"मॅडम, पीएफ लागला. बस आणायले येते. जेवन तिथंच. इतवारची सुटी."

मी लिहीत गेले. पीएफ, बस, जेवण, सुटी. लिहिताना माझ्या हाताला रग लागली. आमचं सगळ्यांचं कंत्राट अकरा महिन्यांचं. बारावा महिना देवाच्या भरवशावर.

"अन् मॅडम, तुमचं काय? तुम्ही पक्क्या झाल्या का?"

"नाही गं. अजून तशीच."

ती काळजीच्या सुरात म्हणाली, "आमच्या इथं जागा निघनार आहे. सांगू का तुमच्यासाठी? फक्त वय इचारतात."

*

आणि आता सुनीता.

सुनीता म्हणजे राठोड सरांची बायको. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची, बी.ए. झालेली. एके दिवशी राठोड सर माझ्या वर्गाच्या दारात उभे. "मॅडम, हिला घ्याल का तुमच्या बॅचमध्ये? घरी बसून कंटाळली."

नाही कशी म्हणणार? पण मनात म्हटलं, बघू आता, राठोडांच्या घरातली किती हुशार निघते!

फार हुशार निघाली. आरसे लावायचं काम तर तिच्या हातातच होतं, ते मीच तिच्याकडून शिकले. बाह्या, गळे, कळ्या, एकदा दाखवलं की झालं. मी तिच्या चुका शोधून शोधून दमायचे. ती आपली डब्यातली तिळाची चटणी आधी माझ्या पोळीवर वाढायची.

तिचा कोर्स संपला आणि त्याच सुमारास नेरला एक नवीन सेंटर निघालं. शिवण शिकवायला एक बाई हवी होती. पक्की जागा! मी अर्ज केला. दहा वर्षांचा अनुभव, म्हटलं मला कोण अडवतं.

मुलाखतीला यवतमाळला गेले, तर बाकावर सुनीता! तिला राठोड सरांनी गाडीवर आणून सोडलं होतं. माझ्या नवऱ्यानं मला बसस्टँडपर्यंतही सोडलं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही पण? यायनंच फॉर्म भरला माझा," ती म्हणाली. "मले तं काही मिळत नाई. तुमचंच होनार."

दोघींना एकेक मीटर कापड दिलं. समोर बसून झबलं शिवायचं. सुनीताला मिळालेली कात्री बोथट होती, कापड चावत होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तुमची देता का जरा?"

माझी कात्री माझ्या मांडीवर होती. माझं कापून झालं होतं.

मी म्हटलं, "माझं व्हायचंय अजून."

ती बरं म्हणाली. मग तिनं कापडाला दातानं बारीक चीर दिली आणि टर्रकन फाडलं. धाग्यावर फाडलेलं कापड कात्रीपेक्षा सरळ येतं. परीक्षक बाई उठून जवळ आल्या. "अरे वा! हे कुणी शिकवलं?"

"या मॅडमनं," सुनीता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

जागा तिला मिळाली.

निकालाच्या दिवशी राठोड सर माझ्या वर्गात आले. शीळ नव्हती. दारातच थांबले. खूप वेळ चप्पल दारात नीट करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या बॅचची एक लागली."

मी रजिस्टर काढलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं. अक्षर चांगलं आलं. त्या महिन्यात माझा आकडा वाढला.

सुनीताचा तीन महिन्यांचा फोन मी लावलाच नाही. राठोड सरांना तोंडी विचारून भागवलं. सहा महिन्यांचाही तसाच. वर्षाचा फोन टाळत होते, तर तिचाच आला.

"मॅडम, सुनीता बोलून राह्यली. येळ आहे का?"

"बोला," मी म्हटलं. आधी मी तिला अगं-तुगं करायचे.

"आमच्या इथंही बोर्ड लावला मॅडम. माझी पहिली बॅच निघाली. चांगल्या चांगल्या पोरी घरीच बसल्या. एकीची सासू फोनवर भांडली माझ्याशी. मले रडू येऊन राह्यलं. या रजिस्टरात काय लिहू मी?"

"घरी राठोड सर आहेत की," मी म्हटलं. "त्यांना विचारा. त्यांना सगळं जमतं!"

"त्यायलेच इचारलं मॅडम," ती म्हणाली. "थे म्हने, मले नाई समजत यातलं. तू काळे मॅडमले फोन लाव."