कॅमेऱ्याला काजळ
झेंडूच्या हारात पेट्रोलचा वास मिसळला की मला सत्तरच्या दशकातला आष्ट्याचा एक दसरा आठवतो. पूजेसाठी देवळापुढं झाडून साऱ्या गाड्या जमल्या होत्या, म्हणजे दोन मोटारी, तीन जीप आणि एक ट्रक. फौजेतून सुट्टीवर आलेल्या चुलत्यांनी आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला होता. रोलात बारा फोटो. ते चांगले आले तर कॅमेरा माझ्याकडंच राहणार होता. पहिल्या जीपचा हार सरळ करायला मी कॅमेरा बॉनेटवर ठेवला, तेवढ्यात जीपमालकाची म्हातारी आई बोटावर काजळ घेऊन आली. गाडीला तीट लावत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि फोटो टिपणारी काच वेगळी, त्यामुळं पुढंही काही कळलं नाही. उन्हात, शेणात गुडघे टेकून मी बाराही फोटो काढले. ते धुऊन आले तेव्हा प्रत्येक गाडीच्या जागी काळा ढग! "आवं आजी, काचंला काजळ लावलं व्हय तुमी?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. "मग? टक लावून बघणारा डोळा त्योच की. गाडीला दृष्ट लागली असती, लेकरा," म्हातारी म्हणाली. चुलते कॅमेरा ट्रंकेत घालून ड्यूटीवर गेले. परवा आष्ट्याच्या रस्त्यावर तीच जीप धूर सोडत माझ्यापुढून गेली. मी एसटीची वाट बघत उभा होतो. माझी नवी मोटार, जिचे फोटो अगदी लख्ख आलेत, तिसऱ्यांदा गॅरेजला आहे.