इमासच्या माऊसला बांधलेली दोरी

कावालू गावात कुठल्याही गल्लीत शिरा, भरतकामाच्या यंत्रांची खडखड कानावर पडतेच. इथल्या बायका त्या आवाजात जन्मतात आणि लग्न होऊन त्याच आवाजात दोन गल्ल्या पलीकडे नांदायला जातात. इमास त्यांच्यातलीच एक. लहानपणी ती आईच्या पाययंत्राखाली पडलेले दोरे वेचायची, मोठेपणी स्वतः यंत्रावर बसली. कारखान्याच्या मालकीणबाईंनी, बू हाजी रोहायांनी, संगणकावर चालणारी लांबलचक यंत्रं आणली, तेव्हा सगळ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि इमास म्हणाली, "मी शिकते." धीट होती म्हणून नव्हे. त्या पडद्यावर फुलं काढायची असतात एवढंच तिनं ऐकलं होतं, आणि फुलं काढायला मिळणार म्हटल्यावर तिला बाकी काही दिसलं नाही.

कापडावर उमटणारं प्रत्येक फूल आधी पडद्यावर काढावं लागतं. टाका कुठून निघणार, कुठल्या बाजूला कलणार, कुठे दाट पडणार, कुठे विरळ, हे सगळं माऊस हातात धरून यंत्राला समजावून सांगावं लागतं. इमासच्या पाकळ्यांना एक हलकी मुरड असायची, वाऱ्यानं नुकतीच वळल्यासारखी. ईदच्या आधी बायका नमाजाचे पांढरे झगे घ्यायला बाजारात यायच्या, तेव्हा दुकानदार घडी उलगडून किनार दाखवायचे आणि ती मुरड बघून बायका हात पुढे करायच्या. ती मुरड कुणाच्या हातची हे त्यांना माहीत नसायचं. इमासला माहीत होतं, तेवढ्यावर ती खूश होती.

एका संध्याकाळी कारखान्यातून घरी येताना उतारावरच्या वळणावर तिची स्कूटर वाळूवरून घसरली आणि ती पाठीवर पडली. पाठीचा मणका मोडला. बांडुंग शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, "पाय परत येतील, पण आपल्या वेळेनं येतील. तोवर झोपून राहायचं. कुशीवर वळायचं ते कुणाच्या तरी मदतीनं. बसायचं मी सांगेन तेव्हा."

घरी आल्यावर नवऱ्यानं, एंगकोसनं, पलंग बाहेरच्या खोलीत आणला. एंगकोस कारखान्यांचा माल टेम्पोतून शहरोशहरी पोचवायचा, त्यामुळे दिवसभर इमासजवळ असायची ती तिची सासू. तिला सगळी गल्लीच एमाक, म्हणजे आई, म्हणायची. एमाक वाकलेली, काटक आणि तोंडानं तिखट. सुनेचं अंग पुसायची, तिला भरवायची, दर थोड्या वेळानं या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची आणि हे सगळं करताना बडबडत राहायची. इमास मात्र बोलेनाशी झाली. ती छताकडे बघायची. छतावर ओल धरली होती, त्या डागांना ती मनातल्या मनात पाकळ्या काढायची, आणि मग त्याचाही कंटाळा आला.

एक दिवस बू हाजी भेटायला आल्या. पिकलेल्या सालाक फळांची पिशवी उशाशी ठेवून बसल्या. इकडचं तिकडचं झालं आणि न राहवून म्हणाल्या, "शहरातून एकाकडनं नक्षी करून घेतेय गं. फुलं काढतो की कोबीचे गड्डे, तेच कळत नाही."

इमास कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "संगणक इथं पाठवा. हात तर शाबूत आहेत माझे."

"झालं," एमाक आतून म्हणाली. "पाठ मोडली, आता डोळेही फोडून घे."

"एमाक, नुसतं पडून डोकं फुटायची वेळ आलीय."

एमाक बाहेर आली, सुनेच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आला.

एंगकोसनं बांबूचा एक घोडा बनवला. तो पलंगावर आडवा उभा करायचा आणि लॅपटॉप त्यावर तिरका बांधायचा, म्हणजे उताणं झोपून पडदा समोर दिसायचा. हात मात्र तिथवर पोचत नसे. त्यामुळे सगळी मदार माऊसवर. कारखान्यातला जुना, वायरचा माऊस सोबत आला होता. टेबलावर त्या माऊसनं इमासला कधी त्रास दिला नव्हता. पलंगावर त्यानं छळ मांडला. वायर चादरीत गुंतायची. पाकळीची मुरड काढता काढता ती कुठेतरी अडायची, हिसका बसायचा आणि पाकळीला कोंब फुटायचा. कूस बदलायची म्हणजे आधी एमाकनं वायर काढायची, मग सुनेला वळवायची, मग घोड्याखालून वायर पलीकडे घेऊन परत लावायची. लावायचं भोक एमाकला सापडायचं नाही. एकदा वायरीनं चहाचा पेला ओढला आणि गरम चहा एमाकच्या पायावर सांडला.

"मी सुनेची सेवा करतेय की या उंदराच्या शेपटीची?" एमाक पाय पाण्यात बुडवून म्हणाली.

ते एंगकोसनं ऐकलं. पुढच्या खेपेला तासिक शहराच्या बाजारातून तो बिनवायरचा माऊस घेऊन आला. राखाडी, गुळगुळीत, मुठीत मावेलसा. लॅपटॉपला लावायचा नखाएवढा तुकडा निराळा होता.

एमाकनं माऊस उलटासुलटा करून पाहिला. "याची शेपटी?"

"नाही त्याला."

"मग कळतं कसं याला, कुणाचं ऐकायचं ते?"

"तुझ्या मुलाला तरी कुठे कळतं," एंगकोस म्हणाला, आणि इमासनं हसू लपवायला तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून इमासला घर मोठं झाल्यासारखं वाटलं. माऊस मांडीवर चालायचा, पोटावर चालायचा, कुशीला घेतलेल्या उशीवर चालायचा. डाव्या कुशीवर वळली की माऊसही सोबत, उजव्या कुशीवर वळली तरी सोबत. बिस्किटाच्या डब्याच्या चकचकीत झाकणावर मात्र तो वेड्यासारखा उड्या मारायचा. मग एमाकनं जुन्या विजारीचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून शिवून दिला, त्यावर तो शहाण्यासारखा वागू लागला. इमास सकाळी दोन फुलं काढायची, दुपारी एक वेल. बू हाजींचा माणूस येऊन काम घेऊन जायचा आणि नमुन्याचा कपडा आणून दाखवायचा. कोबीचे गड्डे बंद झाले.

नवीन माऊसच्याही खोड्या होत्याच. एका दुपारी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. इमासला वाटलं लॅपटॉप बिघडला. मग लक्षात आलं, माऊसची बॅटरी संपली होती. घरात दुसरी नव्हती आणि यंत्रावर कापड ताणून कारखान्यातले लोक बाहीच्या नक्षीची वाट बघत होते. एमाकनं काय करावं? खुर्चीवर चढून तिनं भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढली आणि सुनेच्या हातात दिली. काम वेळेत गेलं. पण घड्याळात तीच दुपार थांबून राहिली आणि संध्याकाळी एंगकोस त्याच घड्याळावर विसंबून निवांत पोहायला नदीवर गेला. परत आला तेव्हा माल घ्यायला आलेला माणूस ओट्यावर बसून पेंगत होता.

"घरातला वेळ बायकोच्या उंदरानं खाल्ला," त्यानं त्या माणसाला सांगितलं. त्यानंतर चहापत्तीच्या डब्याशेजारी नेहमी बॅटऱ्या असायच्या. इमासला डुलकी लागली की एमाक माऊस उलटा करून त्याचं बटण बंद करायची. "तू निजलीस की त्यालाही निजू दे," म्हणायची.

पण खरा प्रसंग घडला तो ईदच्या तोंडावर. एंगकोस माल घेऊन बांडुंगला गेलेला. एमाक मशिदीत बायकांच्या बैठकीला गेली होती. जाऊ की नको करत होती, इमासनंच तिला पाठवलं. झग्याच्या गळ्याभोवतीची वेल तेवढी राहिली होती. इमास कुशीवर पडून काम करत होती. हाताला घाम आलेला. माऊस पुठ्ठ्यावरून घसरला, पलंगाच्या काठावर क्षणभर टेकला आणि खाली गेला. टप्प असा आवाज झाला, मग फरशीवरून घसरत गेल्याचा.

तिनं हात खाली सोडला, बोटांना नुसती गार फरशी लागली. पंखा लावायची काठी उशाशी होती. तिनं ती पलंगाखाली घालून चाचपडलं, काहीतरी लागलं आणि काठीच्या धक्क्यानं आणखी आत गेलं. तिनं हाका मारल्या. शेजारच्या दोन्ही घरांत यंत्रं चालू होती. आयुष्यभर ऐकलेली ती खडखड, पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा तिचा राग आला. तिची हाक त्या आवाजाखाली चिरडून जात होती. समोर पडद्यावर वेल अर्धी होती आणि बाण एका कळीवर टेकून स्वस्थ उभा होता. वायरीचा असता तर ओढून घेतला असता, तिच्या मनात आलं. मग मनात आलं, एक साधी वस्तू खाली पडली तर ती उचलता येत नाही, हे आता असंच राहणार. इस्पितळातही ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली, उशीत तोंड खुपसून, लहान मुलासारखी.

एमाक परतली तेव्हा सुनेचा हात पलंगाखाली लोंबत होता आणि अंग काठापर्यंत आलं होतं.

"वेडी झालीस का तू? पडली असतीस म्हणजे?"

"माऊस खाली गेला," इमास म्हणाली.

एमाकनं तिला नीट वर सरकवलं. मग डोक्यावरचा रुमाल सोडून ठेवला, दुखरे गुडघे फरशीवर टेकले आणि सरपटत पलंगाखाली गेली. जळमटं केसांत घेऊन बाहेर आली, माऊस पदराला पुसल्यासारखा कमरेला गुंडाळलेल्या सारुंगला पुसला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. "घे. वेल पुरी कर आधी. रडायचं असेल तर मग रड, मी इथंच आहे."

"वायर होती तर निदान ओढता यायचा," इमास नाक पुसत म्हणाली.

 संध्याकाळी ओट्यावर बसून एमाकनं कारखान्यातून आलेल्या उरल्यासुरल्या दोऱ्यांची वेणी घालायला घेतली. हिरवा, जांभळा, सोनेरी, हाताला येईल तो. वेणीच्या टोकाला तिनं मडक्याला घालतात तसं एक इटुकलं शिंकं विणलं. बटणं मोकळी राहतील, पोटाखालचा दिवा झाकला जाणार नाही, असं बेतून तिनं ते माऊसच्या कमरेला बसवलं. दुसरं टोक पलंगाच्या खुराला, बकरी बांधतात त्या गाठीनं.

इमासनं मुद्दाम माऊस खाली टाकून पाहिला आणि दोरी ओढली. माऊस निमूटपणे वर आला. तिनं पुन्हा टाकला, पुन्हा ओढला.

"खेळ नको, तुटेल," एमाक म्हणाली, पण तिलाही बघायला मजा वाटत होती.

एंगकोस घरी आला, पलंगाजवळ थबकला. दोरी, गाठ, शिंकं असं सगळं त्यानं डोळे भरून बघितलं. "वायर नको म्हणून जास्तीचे पैसे मोजले मी," तो म्हणाला. "आणि तुम्ही दोघींनी मिळून परत लावली. त्या दुकानदाराला सांगितलं तर तो दुकान बंद करून गावाला जाईल."

"ती वायर त्या यंत्राची होती," एमाक म्हणाली. "ही हिची आहे. गुंतली तर सोडता येते."

ईदच्या बाजारात त्या गळ्याचे झगे पुरले नाहीत. बू हाजी एक झगा घेऊन स्वतः आल्या आणि त्यांनी तो एमाकच्या हातात ठेवला. एमाकनं तो त्यांच्यासमोर घडीसकट बाजूला ठेवला, आणि त्या गेल्यावर तो घालून आरशापुढे बराच वेळ बघत उभी राहिली.

त्यानंतरच्या तपासणीला डॉक्टरीण बाईंनी बसायची परवानगी दिली. आधी उशांना टेकून, मग पाय खाली सोडून, मग एंगकोसचा खांदा आणि चारपायी काठी. पहिल्या दिवशी उभी राहिली तेव्हा तिचे पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे थरथरत होते. एमाक मागं हात पसरून उभी होती आणि तोंडानं शिव्या देत होती, पायांना.

पुढचा पावसाळा सरता सरता इमास पुन्हा कारखान्यात जाऊ लागली, अर्धा दिवस. तिथं टेबलावर तिनं वायरचाच माऊस मागून घेतला. टेबलाशी बसलं की वायरीचा त्रास नाही, बॅटरीची कटकट नाही, आणि बारीक मुरडीला हात जास्त स्थिर राहतो असं तिला वाटायचं. नवीन लागलेल्या एकीनं ताई म्हणून हाक मारत विचारलं, "तेह इमास, दोन्हीत चांगला कुठला हो?" तिनं विचार करून सांगितलं, "इथं हा. घरी तो. आणि तुझी पाठ दुखत असेल तर मला आधी सांग, तुला तिसरंच काहीतरी सांगेन."

कारखान्यात परतली त्या पहिल्याच दिवशी दुपारी जेवायची वेळ झाली. कारखान्यात सगळ्या बायका जमिनीवर चटई टाकून, केळीचं लांब पान पसरून, एकाच पानावर जेवतात. भात, तळलेले मासे, कच्च्या भाज्या, मिरचीची चटणी, सगळं ओळीनं. इमासनं डबा उघडून आपल्या टेबलावर ठेवला. तिला अजून खाली बसता येत नव्हतं. तिनं ते आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं, त्यामुळे वाईट वाटायचं कारण नव्हतं, असं ती स्वतःला सांगत होती.

तेवढ्यात दोघीतिघींनी कापड बेतायच्या उंच टेबलावरचे तागे उचलून कोपऱ्यात ठेवले. एकीनं टेबल पुसलं. केळीचं पान या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलावर पसरलं गेलं, त्यावर भाताचा ढीग पडला, आणि बायका चहूबाजूंनी उभ्याच राहून हात धुऊ लागल्या. फक्त इमाससाठी एक उंच खुर्ची ओढली.

"बघत काय बसलीस," बू हाजी म्हणाल्या. त्या स्वतः टेबलाच्या टोकाशी बाह्या सारून उभ्या होत्या. "मासे गार होतील. ते मोठं डोकं तुझ्याकडं घे, नाहीतर या कुणी सोडायच्या नाहीत."

इमास त्या खुर्चीवर येऊन बसली, पुढे सरकली आणि तिनं माशाचं डोकं आपल्याकडे ओढलं.