दोन किलोची झोळी

"सोनवणेबाई, तुमच्या त्या गावात दुष्काळ पडला का?" साहेबांनी मासिक अहवाल माझ्याकडे सरकवला.

"नाही साहेब."

"साथ आली?"

"नाही."

"मग एका महिन्यात सगळी पोरं कुपोषित कशी झाली? सरपंचाचा नातूसुद्धा? त्याला मी पाहिलाय. उचलायला गेलो तर माझी कंबर धरली होती."

गाव चोपडा तालुक्यातलं, तापीच्या काठचं. चहूकडे केळीच्या बागा. दारोदार ट्रॅक्टर नसले, तरी उपाशी म्हणावं असं ते गाव नव्हतं. उपाशी होते ते बागांमध्ये मजुरीला आलेले, गावाबाहेर पालं टाकून राहिलेले. पण अहवालात तेही होते आणि सरपंचाचा नातूही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा मुख्यसेविका होते. म्हणजे पंधरा-वीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई. वर प्रकल्प अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, खाली सेविका आणि मधोमध एसटीची वाट बघत उभी असलेली मी.

आमच्या कामात सगळ्यात मोठं काम वजनाचं. दर महिन्याला मुलाला कापडी झोळीत बसवायचं, झोळी काट्याच्या आकड्याला टांगायची आणि आलेल्या वजनातून झोळीचं वजन वजा करायचं. वयाच्या मानानं वजन किती कमी, त्यावरून श्रेणी ठरायची. पहिल्या श्रेणीची फारशी काळजी नसे. तिसऱ्या श्रेणीला दुप्पट आहार, डॉक्टरांची तपासणी आणि अ जीवनसत्त्वाचा डोस. चौथी म्हणजे थेट दवाखाना. मूल कसं आहे हे काटा सांगणार, आम्ही ते वर कळवणार, अशी एकूण व्यवस्था.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. सेविका सिंधूबाई चुलीवरची लापशी ढवळत होत्या. छताच्या कडीला एक मोठ्या तबकडीचा काटा टांगलेला होता. तो आमचा नव्हता.

"हा कुठला?"

"आपला काटा मोडना ना बाई. मंग आबासना आना."

आबा म्हणजे पंचायत समितीचे सभापती. त्याच गावचे. केळीचे मोठे व्यापारी. शेतकऱ्यांचे घड त्यांच्या काट्यावर मोजले जात आणि ट्रक भरून उत्तरेकडे रवाना होत. आमच्या मोडक्या काट्याबद्दल मी वर तीनदा कळवलं होतं. आबांनी मात्र मागता क्षणी स्वतःचा जादा काटा दिला. उदार माणूस.

आहाराबरोबर आलेला तेलाचा सीलबंद डबा मी काट्याला टांगला. त्यावर डब्यासकट वजन पंधरा किलो छापलेलं होतं. काटा तेरावर थांबला. मग मी तबकडीला नाक लावून बघितलं. शून्याशी एक बारीक खिळा होता. काटा त्याला टेकून उभा. पहिलं दोन किलो वजन पडेपर्यंत तो जागचा हलतच नव्हता.

"सिंधूबाई, हा काटा दोन किलो कमी दाखवतो."

"बठ्ठा गावले माहीत शे, बाई," त्या लापशीतून मान न उचलता म्हणाल्या. "तो दोन किलो खास."

"खातो हे सगळ्या गावाला माहीत होतं? मग पोरांना का टांगलं त्याला?"

त्यांनी पळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नवलानं बघितलं.

"पोरे काय इकाना शेतस का?"

म्हणजे, पोरं काय विकायची आहेत का? त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. दोन किलो खायचे ते घडाचे. त्याची गावाला सवय होती. पोरांच्या वजनावर कोणाचं काय अडलं होतं?

मी साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी खुलला, मग पडला.

"म्हणजे पोरं ठीक आहेत. काटा चूक. तसं लिहून टाका." मग पेनाचं टोपण उघडता उघडता, "काटा कोणाचा म्हणालात?"

"आबांचा."

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "तसं लिहू नका."

तोपर्यंत अहवाल जळगावला पोहोचला होता. जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समिती गावाला भेट द्यायला येणार असा निरोप आला. आबांनी आम्हा दोघांना त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मग म्हणाले, "साहेब, सभापतीच्या गावात कुपोषण? अहो, आमच्या गावातली कुत्रीसुद्धा केळी खाऊन फुगलीत!"

"तसं नाही आबा," साहेब म्हणाले. "वजनात जरा... तांत्रिक अडचण आली."

"मग लिहा की तांत्रिक अडचण."

"समिती विचारेल, कसली. काट्याची म्हणावं तर..."

आबांनी कप खाली ठेवला. "माझ्या काट्याबद्दल आजवर एकाही माणसानं तक्रार केलेली नाही." हे मात्र खरं होतं.

पोरं कुपोषित आहेत म्हणता येत नव्हतं आणि काटा खोटा आहे असंही म्हणता येत नव्हतं. नोकरीत बढतीची यादी लागायची होती. माझं नाव त्यात होतं. म्हणून म्हणा, किंवा हुशारी दाखवायची खोड म्हणून म्हणा, तोंड मीच उघडलं.

"झोळीचं वजन चुकून दोनदा वजा झालं, असं लिहिता येईल."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांची रजा मंजूर केली. आबा हसले. "बघा, शिकलेल्या माणसाचं काम वेगळंच असतं!"

दोनच दिवसांत परिपत्रक निघालं. झोळीचे वजन दोनदा वजा झाल्याने सदर गावातील प्रत्येक बालकाच्या वजनात पुढील आदेश होईपर्यंत दोन किलो मिळवावेत. झोळी म्हणजे हातभर रुंदीचं जुनं कापड. ती दोन किलोंची कशी, हे तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत एकानंही विचारलं नाही.

खरं सांगायचं तर तोवर कोणाचं वाकडं झालं नव्हतं. खोट्या काट्यात खोटे दोन किलो मिळवले की वजन खरं येत होतं. मी स्वतःवर थोडी खूषही होते.

इथं सुमीबद्दल सांगायला हवं. पालातली अडीच वर्षांची मुलगी. तिची आई वेणू केळीच्या बागेत घड वाहायची. सुमी खरोखरच्या वजनानं तिसऱ्या श्रेणीत होती. आठ किलो. तिला दोन वाट्या लापशी मिळायची. ती एक वाटी तिथंच संपवायची आणि दुसरी दोन्ही हातांत धरून, सांडणार नाही अशा बेतानं, पालाकडे न्यायची. वाटेत बसून तीही संपवायची.

समितीची गाडी येणार म्हणून जिल्हा परिषदेनं नवाकोरा काटा पाठवला. मी तेलाचा डबा टांगून बघितला. अगदी बरोबर. सिंधूबाईंनी मुलांची वजनं घेतली आणि मला विचारलं, "बाई, आते बी दोन किलो मियाडाना का?"

आताही मिळवायचे का? मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "साहेबांना विचारते."

साहेबांनी परिपत्रक पुढे ठेवलं. "पुढील आदेश होईपर्यंत, असं लिहिलंय. आदेश झाला?"

"नाही. पण साहेब, हा काटा बरोबर आहे."

"आदेश काट्याबद्दल नाहीच बाई. झोळीबद्दल आहे. झोळी बदलली का?"

माझंच वाक्य होतं.

"समिती जाऊ द्या," ते जरा मवाळपणे म्हणाले. "मग बघू."

दोन किलो मिळवले. एका महिन्यात गावातल्या प्रत्येक मुलाचं वजन दोन किलोंनी वाढलं. सुमी आठाची दहा किलोंची झाली. तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या. तिची दुसरी वाटी बंद झाली. अ जीवनसत्त्वाचे डोस त्या खेपेला कमी आले होते, ते तिसऱ्या श्रेणीला द्यायचे ठरले. आमच्या गावात तिसरी श्रेणी उरलीच नव्हती, म्हणून ते दुसऱ्या गावांना गेले.

खोट्या काट्यावर जे तिला मिळत होतं, ते खऱ्या काट्यावर गेलं.

समितीच्या भेटीआधी मी गावात गेले तेव्हा वेणूनं मला रस्त्यात गाठलं. डोक्यावर चुंबळ तशीच होती.

"ताई, सुमीले आते एकच वाटी भेटस. तिनं वजन वाढनं म्हने. पन अंगवर तं काहीच दिसस नही."

"बघते मी."

"आनि रातले तिले दिसस नही. ताट चाचपस."

रात्री दिसत नाही, ताट चाचपते. याचा अर्थ काय, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं असतं. मला तो कळला: अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळा जातो. मी सिंधूबाईंना तोंडी सांगू शकले असते, सुमीला दोन वाट्या वाढत जा म्हणून. डोस दुसऱ्या गावातून आणता आला असता, एसटीनं अर्ध्या तासाचा रस्ता. पण पहिल्या श्रेणीतल्या मुलीला डोस का, असं कोणी विचारलं असतं तर सगळी झोळी उलगडली असती. मी वेणूला म्हटलं, "समिती येऊन जाऊ दे. मग करते."

समिती आली. मुलांनी गाणं म्हटलं. सरपंचाच्या नातवाला मांडीवर घेऊन फोटो निघाला. एका महिन्यात एवढी प्रगती जिल्ह्यात दुसरीकडे नाही, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. आबांनी प्रत्येकीला केळीची फणी दिली. पालातली मुलं त्या दिवशी आयांबरोबर बागेत होती. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. बोलवायला मात्र कोणी गेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सुमीला गोवर निघाला. मी पोहोचले तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर पांढरं आलं होतं. मी तिला आणि वेणूला घेऊन आरोग्य केंद्रात गेले. तिथून जळगावला सिव्हिलमध्ये. डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळा तपासला, मग सुमीचा दंड दोन बोटांत धरून बघितला.

"ही पहिल्या श्रेणीत? कोणी केलं वजन?"

"काट्यानं," मी म्हटलं. असं उत्तर त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

परत आल्यावर मी साहेबांसमोर बसून राहिले, परिपत्रक रद्द झाल्याशिवाय उठणार नाही म्हणून. त्यांनी रद्द केलं. कारण लिहिलं: झोळी बदलण्यात आली.

मधल्या काळात गावात वेगळंच घडलं होतं. सरकारनं पोरांना दोन-दोन किलो वाढवून दिले, ही बातमी पारावर पोहोचली होती. चार शेतकरी आबांकडे गेले. "आबा, पोरेसले दोन किलो मियनात, मंग घडले काबं नही?" पोरांना मिळाले, मग घडाला का नाही? मागणी रास्त होती आणि निवडणूक जवळ होती. आबांनी आपल्या काट्यांमधला खिळा काढून ते शून्याला जुळवून घेतले. अशा रीतीनं माझ्या झोळीमुळे गावातल्या केळीला न्याय मिळाला.

मला बढती मिळाली. शेऱ्यात लिहिलं होतं, अडचणीतून मार्ग काढण्याची क्षमता.

पुढे बरीच वर्षं मी नव्या सेविकांना प्रशिक्षण दिलं. वजनाच्या तासाला सांगायचे, मूल टांगण्याआधी रिकामा काटा बघा. आणि वजन लिहून झालं की मान वर करून मूल बघा. मुली हे वहीत उतरवून घ्यायच्या. कोणी विचारलंच, तर मी म्हणायचे, एका गावात असं झालं होतं.

वेणू त्या गावातच राहिली. मजुरी सोडून तिनं भाजीची टोपली धरली. मी बाजारात दिसले की बरोबरच्या बायांना सांगायची, "ह्या ताईनी मन्ही पोरना डोया वाचाडा." ताईंनी माझ्या पोरीचा डोळा वाचवला, हे ऐकून बाया माझ्याकडे आदरानं बघायच्या. वेणू माझ्या पिशवीत बळेच चार वांगी जास्तीची टाकायची. मी नको म्हणायचे, पण हळू आवाजात. एकदाही तिला सांगितलं नाही की डोळे दोन होते.