देवरामच्या गाडीतली खरखर

देवराम रागावला की ओरडत नाही, गप्प होतो. तो कुरकुरत असेल, चहाला नावं ठेवत असेल, तोवर घर निवांत असतं. तो गप्प झाला की त्याची बायको भीमाबाई भांडीसुद्धा आवाज न करता ठेवते. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं एवढं एक शास्त्र पक्कं शिकून घेतलंय.

मानपाड्याच्या एका चाळीत दोघं राहतात. देवराम भाड्याची गाडी चालवतो. गाडी स्वतःची, जुनी, आणि तिच्यावर त्याचा असा जीव की भीमाबाई तिला सवत म्हणते. मागे बसलेली माणसं कानात बोंडं घालून आपापलं ऐकत असतात. देवरामला मात्र मीडियम वेव्हवरच्या बातम्या लागतात. त्याशिवाय त्याचा दिवस सुरूच होत नाही. भीमाबाई गल्लीच्या तोंडाशी कोळशाच्या इस्त्रीने लोकांचे कपडे इस्त्री करते. टेबलावर सावलीला एक पत्रा, आणि पत्र्याचं एक टोक चाळमालकाने उभ्या केलेल्या लोखंडी खांबाला तारेने बांधलेलं. त्याच खांबावरून पाण्याच्या पंपाची वायर गेलेली. टेबलाखाली भुऱ्या नावाचं कुत्रं दिवसभर पाय ताणून झोपलेलं.

थंडी संपता संपता रेडिओत खरखर सुरू झाली. देवराम गाडी घेऊन रतनकडे गेला. रतन गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. त्याने अँटेनाच्या बुडाचा गंज काढला, अर्थिंगची जागा घासून लख्ख केली, फिल्टर बसवला.

"काका, इंजिन बंद केल्यावर पण येते का?"

"इंजिन बंद करून रेडिओ लावायला मी काय नवशिका आहे? बॅटरी उतरते."

हा नियम त्याला पहिल्या मालकाने शिकवलेला, आणि देवरामने तो शपथेसारखा पाळलेला. गाडी थांबली की आधी रेडिओ बंद, मग इंजिन. त्या अडाणी नियमापायी खरी गोष्ट त्याच्या कानाला लागूनही त्याला ऐकू आली नाही.

रतनच्या दुकानात रेडिओ स्वच्छ. शीळफाट्याला स्वच्छ, कोलशेतच्या खाडीकडे स्वच्छ. घराकडे वळलं की मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि दर आठवड्याला वाढलेला. देवराम गाडीला शिव्या घालायचा, रतनच्या फिल्टरला त्याहून जास्त. शेवटी एका दुपारी रतन स्वतःच गाडीत बसून आला. गल्लीच्या तोंडाशी त्याने न विचारता किल्ली अर्धी मागे फिरवली. इंजिन थांबलं. खरखर चालूच राहिली.

म्हणजे आवाज गाडीचा नव्हताच. मग उतरून दोघांनी गाडी ढकलली. पुढे नेली की आवाज कमी, मागे आणली की जास्त. भीमाबाईच्या टेबलाशेजारी तर नुसता कल्लोळ. रतनने वर पाहिलं. खांबाच्या पट्टीवर पंपाच्या वायरचं प्लास्टिक घासून गेलं होतं. खाली भीमाबाई चादरीवर पाणी शिंपडत होती.

"काकूंना आधी तिथून उठवा," रतन हळूच म्हणाला. "गाडीत काय फॉल्ट नाय."

चाळमालक वायरमन पाठवतो म्हणाला. तोवर मेन स्विच बंद ठेवा म्हटलं, तर चाळीला पाणी कोण भरणार, असं उलट विचारू लागला. देवरामने दारोदार जाऊन खांबाला हात न लावायचं बजावलं. भीमाबाईचं काम बंद पडलं, घरात कपड्यांची गाठोडी साचली, गिऱ्हाइकं तोंड वाकडं करू लागली. देवराम मात्र रोज सकाळी समोरच्या कडेला गाडी लावून इंजिन बंद करायचा आणि रेडिओ ऐकायचा. खरखर तशीच. जन्माचा नियम त्याने बायकोसाठी मोडला होता, पण हे तिला कधी बोलून दाखवलं नाही.

आणि एका सकाळी बातम्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ आला. देवरामला इतका आनंद झाला की त्याने गाडीतूनच हाक मारली, "भीमा, मांड टेबल. वायरमन येऊन गेला वाटतं. सगळं साफ झालं."

कोलशेतला गिऱ्हाईक सोडल्यावर त्याने रतनला फोन लावला. वायरमन येऊन गेल्याचं सांगितलं.

"वायरमन आलेला? कोणी बघितला?"

"नाही. पण रेडिओ साफ आहे ना."

"काका, वायर घासत असते तोवर ठिणगी उडते, म्हणून खरखर येते. वायर खांबाला पूर्ण टेकली की ठिणगी बंद. रेडिओ साफ होतो, पण करंट अख्ख्या खांबात उतरतो. काकूंना फोन करा."

भीमाबाईने फोन उचलला नाही. कामावर असली की तिचा फोन घरात चार्जिंगला असतो. देवरामने गाडी वळवली. शीळफाट्याला ट्रेलरच्या रांगेत तो अडकला, हॉर्न वाजवत राहिला, पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. त्यानेच तिला बसायला सांगितलं होतं. रेडिओवर गाणी स्वच्छ चालली होती. मानपाड्याजवळ आल्यावर त्याने आवाज वाढवला आणि खरखरीची वाट पाहिली. नुसती थोडीशी तडतड झाली असती तरी पुरे होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तरी आवाज स्वच्छच होता.

खांबाभोवती माणसं जमली होती. देवराम गाडी तशीच सोडून त्यांच्यात घुसला. खांबाच्या बुडाशी भुऱ्या पाय ताणून पडला होता. पत्र्याखालचं टेबल कालच्यासारखंच रिकामं होतं. आता कुठे कोणीतरी मेन स्विच पाडला होता.

भीमाबाई घराच्या पायरीवर बसली होती, मांडीवर न सोडलेलं गाठोडं. देवराम गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेला.

"तू गेली नाहीस?"

"निघालेलेच. भुऱ्या पुढे पळाला. मग मनात आलं, रेडिओ इतके दिवस कुरकुरत होता, कोणी हात लावला नाही, आणि आपला आपण गप्प कसा झाला?" तिने पदराने डोळे पुसले. "तुमचंच बघत आलेय ना जन्मभर. म्हटलं, जरा थांबावं. भुऱ्याला काय सांगणार? तो गेला आपल्या जागी निजायला."

देवराम तिच्या शेजारी बसला. गाडीच्या उघड्या दारातून गाणं गल्लीभर ऐकू येत होतं.

"तो बंद करा आधी," भीमाबाई म्हणाली.

तो उठून गाडीपर्यंत गेला, आधी रेडिओ बंद केला, मग इंजिन.