निम्म्या विहिरीत अडलेला रहाट

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. स्मशानात बसून मी भाकरी खाल्ली आहे, आणि ठेचा कमी पडला म्हणून घरी जाऊन पुन्हा आणला आहे. माझं बोलणं लोक निम्म्यानं धरतात... हे मात्र अख्खं धरा.

महाराष्ट्र होऊन दोन उन्हाळे झाले असतील. जानेफळजवळच्या आमच्या खेड्यात शाळेमागची विहीर कित्येक वर्षं फळ्यांनी झाकून पडली होती. पाण्याची टंचाई झाली, म्हणून श्रमदानानं गाळ काढायचं ठरलं. उतरणार कोण? मीच. तेव्हा माझं अंग असं होतं की मी गाडीत बसलो की बैल मागे वळून पाहायचे.

आमच्याकडे माणूस उतरण्याआधी पेटता दिवा दोरीनं तळापर्यंत सोडतात — विहिरीतल्या आसरांना, म्हणजे जलदेवतांना, दाखवायला. शेजारची गोदाकाकू कंदील घेऊन आली. मला घाई.

"काकू, काठावरच ठेव तो. आसरा काय आंधळ्या हायेत?"

"लय शाना झाला बे तू. तुह्या बापानं नाही केलं असं कधी."

लोक हसले. मी दोराच्या फळीवर बसलो आणि सहा जण मला खाली सोडू लागले.

निम्म्यात रहाट अडला. गच्च. दोर ना खाली, ना वर.

"काऊन थांबले बे?" मी खालून विचारलं.

"आमी नाही थांबलो. चाकच थांबलं."

आदल्याच दिवशी मी त्या चाकाला एवढं एरंडेल पाजलं होतं की माणूस असता तर आठवडाभर घरी दिसला नसता!

"दिवा दावला नाही ना," काकू म्हणाली आणि कोणाला न विचारता दुसऱ्या दोरीनं कंदील सोडला. तो माझ्या गुडघ्याजवळून गेला, पावलांखाली हातभर उतरला... आणि विझला. वारा नाही, काही नाही. तिनं वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच विझला.

काठावरून वाकलेले शाळेचे गुरुजी एकदम म्हणाले, "त्याला वर घ्या. आधी वर घ्या."

सहा जणांनी दोर ओढला आणि रहाट फिरला, कुरकुरसुद्धा न करता.

वर आल्यावर काकूनं पाठीत दोन धपके घातले. माझी बायको नुसती माझं मनगट धरून बसली.

गुरुजींनी समजावलं, बंद विहिरीत खराब हवा साचते. तिथं दिवा जळत नाही आणि माणूसही टिकत नाही. मग दोन दिवस निंबाच्या फांद्या दोराला बांधून खालीवर केल्या, हवा हलवली. कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हाच मी उतरलो — कमरेला वेगळा दोर बांधून.

दिव्याचं कळलं. रहाटाचं? मेहकरहून मिस्त्री आणला, चाक उतरवून दाखवलं. "याच्यात अडाले जागाच नाही, भाऊ," म्हणाला. आसरा, नशीब की माझं वजन... मला आजही सांगता येत नाही.

रहाट अडला त्या दुपारी मी अकरा भाकरी खाल्ल्या. बारावी बायकोनं न विचारताच वाढली.