एकही ओरखडा नसलेली लॉरी

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, कचेऱ्या, कागद, कारकून सगळं वेळच्या वेळी वाटलं गेलं. उशीर झाला तो फक्त आमच्या गाद्यांना. त्याला सरकार जबाबदार नव्हतं, मी होतो.

मी तेव्हा महसूल खात्यात कारकून होतो आणि जामबागेत भाड्याच्या घरात राहत होतो. मराठी म्हणून माझी रवानगी मुंबई राज्यात झाली, गाव मिळालं नांदेड. बायको सुमती दोन मुलांना घेऊन सिकंदराबादहून आगगाडीनं जाणार आणि मी सामानाबरोबर लॉरीनं, असं ठरलं. सुमतीची अट एकच होती. अनोळखी गावात, रिकाम्या घरात ती मुलांना गार फरशीवर झोपवणार नव्हती. तिची गाडी पोचण्याआधी गाद्या आणि स्टोव्ह घरात हवेत. मी लगेच शब्द देऊन टाकला.

तिनं यादगिरीचं नाव सुचवलं. तो दर आठवड्याला नांदेडला लॉरी न्यायचा, सुलतान बाजारातल्या कितीतरी कापडवाल्यांचा माल त्याच्याकडे असे. पण मी पडलो चौकस! तहकीकात केल्याशिवाय साधं वांगंसुद्धा घ्यायचं नाही, हा माझा बाणा. (सुमती याला खोड म्हणते.) यादगिरीच्या लॉरीचा एक दिवा फुटलेला, मडगार्ड चेपलेलं. आजवर अपघात किती झाले, असं मी विचारलं तर तो प्रामाणिकपणे बोटांवर मोजायला लागला. एक खांब, एक म्हैस, एक पोलीस चौकीची भिंत. मी त्याला तिथल्या तिथे नापास केलं.

मग मी लॉरीअड्ड्यावर धुमाकूळ घातला. नोंदणीचं पुस्तक दाखवा, परमिट दाखवा, फिटनेसचा दाखला दाखवा. चाकांना लाथा मारून पाहिल्या, ब्रेकवर उभा राहिलो. एका ड्रायव्हरच्या तर डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. वाहतूक कचेरीत माझा एक दोस्त होता, त्याला रोज जाऊन प्रत्येक लॉरीचे जुने चलान बघायला लावले. शेवटी शेवटी मी अड्ड्यावर दिसलो की ड्रायव्हर मंडळी चहाला जाऊ लागली, आणि कचेरीत तो दोस्तही.

अशात एक बातमी लागली. जहागिरी गेल्यामुळे एका नवाबसाहेबांनी आपल्या देवडीतली, म्हणजे हवेलीच्या आवारातली, लॉरी भाड्यानं द्यायला काढली होती. मी गेलो आणि बघतच राहिलो. हिरवा रंग नव्या नवरीसारखा झळकत होता. नोंदणी वेळच्या वेळी, टॅक्स भरलेला, चलान नाही, अपघात नाही. ड्रायव्हर महबूबभाई, पांढरी दाढी, कडक इस्त्रीची शेरवानी. त्यांचं लायसन कोऱ्या कापडासारखं स्वच्छ.

"बीस बरस से चलारूं साब," ते म्हणाले. "एक खरोंच नै आयी."

मी घरी येऊन सुमतीला म्हणालो, याला म्हणतात निवड! तिनं स्टोव्ह पोत्यात बांधला.

पहाटे निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत लॉरी पहिल्या गिअरमध्ये होती. मला वाटलं, इंजिन तापवत असतील. बोवेनपल्ली मागे पडली तरी तापवणं चालूच. इतक्यात समोरून एक ट्रक आला. महबूबभाईंनी लॉरी रस्त्याच्या मधोमध थांबवली, खाली उतरले आणि त्या ट्रकवाल्याला झुकून आदाब केला. ट्रकवाल्यानं जे उत्तर दिलं ते आदाबात बसणारं नव्हतं.

"महबूबभाई, हे काय?" मी विचारलं.

"देवडी में सामने से कोई नै आता था साब."

मी घाईनं विचारलं, "बीस बरस ये लारी कहाँ चलाये आप?"

"बावर्चीखाने से दीवानखाने तक. बिर्याणी के देगां लेके." आणि मग अभिमानानं, "एक देग नै छलकी साब!"

"ये पैले कैकू नै बोले?"

"आप पूछे कां? आप तो एक्सिडेंटां पूछे."

खरं होतं. मी लॉरीची सात पिढ्यांची चौकशी केली होती, फक्त ती कुठे चालते हे विचारलं नव्हतं.

पुढचा प्रवास देगा, म्हणजे बिर्याणीचे ते मोठे हंडे, न हिंदकळण्याच्या बेतानं झाला. खड्डा दिसला की महबूबभाई उतरून तो आधी पायानं चाचपायचे. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जायचे, वर पुढे जाऊन विडी ओढत आमची वाट बघायचे. कामारेड्डीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही थांबलो आणि धडधडत नांदेडची गाडी आली. एका खिडकीत माझी दोन्ही मुलं! "बाबा, बाबा!" करत त्यांनी आनंदानं हात हलवले. त्यांच्यामागे सुमती होती. तिनं हात हलवला नाही. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि मला पहिल्यांदाच रडावंसं वाटलं. मी शब्द दिला होता, आणि तो शब्द माझ्या डोळ्यांदेखत मला सोडून पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी यादगिरी दिसला, नांदेडकडे जाताना. दुपारी पुन्हा दिसला, नांदेडहून परत येताना. दोन्ही वेळा त्यानं हॉर्न वाजवला, आणि महबूबभाईंनी दोन्ही वेळा लॉरी थांबवून आदाब केला.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माडीवरच्या खोलीत मुलं शेजाऱ्यांनी दिलेल्या गोधड्यांवर उड्या मारत होती. सुमती ट्रंकेवर बसली होती. रात्रभर तिनं आपलं लुगडं मुलांखाली अंथरलं होतं आणि पहाटे शेजारणीला दया आली होती, हे मला मुलांकडून कळलं. मला फार वाईट वाटलं, पण माणूस अशा वेळी माफी मागायची सोडून बचाव करतो. मी सगळी तहकीकात पुन्हा सांगितली. नोंदणी, टॅक्स, चलान, लायसन.

"एवढ्या वर्षांत एकसुद्धा डाग नव्हता गं," मी म्हणालो.

सुमती शांतपणे म्हणाली, "तुमचं स्थळ आलं तेव्हा आमच्या अण्णांनीही अशीच तहकीकात केली होती. व्यसन नाही, भांडण नाही, कुणाची तक्रार नाही. एकसुद्धा डाग नाही म्हणून अण्णा किती खूश होते!"

"मग?" मी जरा सुखावून विचारलं.

"मग काय. मुलगा कधी घराबाहेरच पडला नव्हता, हे लग्नानंतर कळलं."

मी खाली गेलो, एक गादी डोक्यावर घेतली आणि पहिल्या गिअरमध्ये जिना चढू लागलो.